जुमेरातीचं पाणी

दस्तगीर मिस्त्री, आज तुम्ही गेल्याचा चाळिसावा झाला. तुमच्या घरून जेवून आत्ताच आलोय. टोपीही काढली नाही अजून, तसाच लिहायला बसलो. तुमच्या बीबी, आमच्या चाची, म्हणाल्या, बसा अजून थोडं, पण बसवेना. समोर टेबलावर तुमचा पाना आहे, तुमच्याच पटक्याच्या फडक्यात गुंडाळलेला. तो माझ्याकडं कसा आला ते सांगतो. पण आधी भांडण. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्धवट भांडण तुम्हालाही कधी आवडलं नाही.

मी तुळजापूरच्या मास्तरांचा मुलगा, हैदराबादहून डिप्लोमा करून आलेला, वय चोवीस, डोक्यात हवा भरलेली. ओव्हरसियर म्हणून या गावात आलो तेव्हा निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण तळ्यापासून गावाच्या टाकीपर्यंत पाणी आणणारी तीन कोसांची लाईन त्याच अमलात टाकलेली. बिडाचा पाईप, शिशाचे सांधे. ती लाईन म्हणजे तुम्ही. टाकताना तुम्ही होता, राखतानाही तुम्हीच. पहिल्या दिवशी तुम्ही मला पायी घेऊन निघालात. अर्ध्या वाटेत माझ्या बुटानं टाच सोलली, परत फिरावं लागलं आणि तुम्ही वळून न बघता म्हणालात, "साहेब, चप्पल घेवा. लाईन बूट बघून घाबरत न्हाय."

मला राग आला होता. मला तुमचा राग लवकर यायचा, आणि तुम्हाला माझा कधी आलेला मी पाहिलाच नाही. हेही मला चिडवायला पुरेसं होतं.

तुमचे कान हातोड्यापायी गेलेले. सांध्यात वितळलेलं शिसं ओतलं की ते गार होताना आकसतं, मग छिन्नी लावून चहूबाजूंनी ठोकून बसवावं लागतं. ते ठोकून ठोकून तुमचा डावा कान पार गेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता. माणसांनी तुमच्याशी ओरडून बोलायचं, आणि गळती मात्र सगळ्यात आधी तुम्हालाच सापडायची. तुम्ही लोखंडी गज पाइपावर टेकवायचात, दुसरं टोक दातांत धरायचात आणि डोळे मिटायचात. मी मनात म्हणालो, म्हातारं येडं दिसतंय. तुम्ही बोट दाखवलंत, "हितं खांदा." खांदलं. हातभर खाली सांधा झिरपत होता. पुढं तुम्ही गज माझ्या दातांत दिलात. चांगलं पाणी नुसतं सरसरतं आणि गळणारं पाणी किरकिरतं, हे तुम्ही मला दातानं शिकवलंत. कॉलेजात असलं काही नव्हतं.

आणि तो पावसाळ्यातला सांधा. खड्ड्यात ओल होती. मी घाई केली, ओता म्हणालो. तुम्ही कडुनिंबाची वाळकी काडी शिशात बुडवून बघत होतात, शिसं तापलंय का ते. मी पळी घेऊन वाकलो आणि तुम्ही मला छातीवर ढकलून मागं पाडलंत. ओल्या सांध्यात शिसं पडलं असतं तर फुटाण्यासारखं उडून माझ्या तोंडावर आलं असतं. चिखलात पडून मी तुम्हाला शिव्या दिल्या. तुम्ही सांधा गोवऱ्यांच्या धगीवर वाळवला, मग ओतला आणि संध्याकाळी चहा पाजलात. माझे डोळे शाबूत आहेत ते तुमच्यामुळं, हे मी तुम्हाला कधी म्हणालो? नाही. आज म्हणतोय. आता काय उपयोग, पण म्हणतोय.

आता त्या व्हॉल्व्हचं.

दुसऱ्या कोसाशी माळावर धनगरांची वस्ती आहे. लाईन तिथं चढावरून जाते, म्हणून पाइपातली हवा सोडायला तिथं व्हॉल्व्ह बसवलेला. उन्हाळ्यात वस्तीवरच्या बाया ओढ्यातला झिरा उकरून वाटी-वाटीनं पाणी भरायच्या आणि त्यांच्या दारावरून गावाचं पाणी पाइपातून धो धो जायचं. मेंढरं तहानली की ते पहारीनं सांधा फोडायचे. तीनदा फोडला आणि तीनदा तुम्ही जोडला. जुन्या अमलदारानं माणसं धरून नेली, चाबूक दाखवला, तरी फोडलाच. चौथ्यांदा तुम्ही सांधा जोडून झाल्यावर वस्तीवरच्या भागाबाईच्या पालापुढं जाऊन बसलात. तिच्या हातची भाकरी खाल्ली, मेंढीचं दूध प्यालात आणि करार केलात. व्हॉल्व्हचा नट अर्धा आटा सैल सोडायचा. तेवढ्यानं बोटाएवढी धार दगडी डोणीत पडते, दिवस मावळेस्तोवर डोणी भरते. बदल्यात वस्तीनं लाईन राखायची. कुठं ओल दिसली तर सांगायचं, कुणाला पहार लावू द्यायची नाही. भागाबाईनं व्हॉल्व्हवर खंडोबाचा भंडारा उधळला. तुम्ही हसून म्हणालात, "उधळ बाई. तुझा खंडोबा आन माझा पीर, दोघंबी पाणीच पितेत."

त्यानंतर वर्षानुवर्षं तिथं सांधा फुटला नाही. हे तुम्ही मला सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू. ऐकलं नाही ते मी.

मी तिथं पहिल्यांदा उन्हाळ्याच्या तोंडावर पोहोचलो आणि बघतो तर व्हॉल्व्ह हळदीनं माखलेला, नट सैल, पाणी वाहतंय. माझं टाळकं सरकलं. "मिस्त्री, ही गळती आहे!"

"न्हाय साहेब, हा पहारा हाय."

"गळती म्हणजे गळती. नट आवळा."

तुम्ही पाना खाली ठेवलात. "माझ्या हातानं न्हाय आवळणार. माझी जबान गेलीय तिथं."

तुम्ही मला नाही म्हणालात, तेही वस्तीवरच्या बायांदेखत. मीच पाना उचलला आणि नट आवळला, सगळा जीव लावून आवळला. भागाबाई डोणीपाशी उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, तुमच्याकडं बघत होती. परतीच्या वाटेवर तुम्ही एकच वाक्य बोललात, "पाईप राखायचा तर पाइपाशेजारचा माणूस राखावा लागतो, साहेब." मी म्हणालो, सरकारी कामात असली भाईबंदी चालत नाही. पंधरा दिवसांच्या आत सांधा फुटला.

गाव दोन दिवस कोरडं. चौकात घागरींची रांग, लोकांच्या शिव्या, जिल्ह्याहून साहेबांची जीप. साहेबांनी रिपोर्ट मागितला आणि मी लिहिला. फिटरनं परवानगीशिवाय व्हॉल्व्ह सैल ठेवून लोकांना फुकट पाण्याची चटक लावली, त्यातून हा प्रकार घडला. यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त पंधरा दिवस आधी तो व्हॉल्व्ह मी बंद केला, फिटर नको म्हणत असताना केला, एवढं एक वाक्य मी गाळलं.

तुम्हाला उर्दू लिहिता-वाचता यायचं. मराठी बोलायचात फर्डी, पण वाचता येत नव्हती. जुने सगळे कागद उर्दूत असायचे, आता कारभार मराठीत आला होता आणि तुम्ही माझ्या डोळ्यांनी वाचायला लागला होतात. मी कागद पुढं केला. तुम्ही विचारलंत, "काय लिवलंय?"

मी म्हणालो, "झालं ते लिहिलंय."

तुम्ही दौतीत टाक बुडवला आणि उजवीकडून डावीकडं सही केलीत. शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर मारलीत. मिस्त्री, ती फुंकर मला पाच वर्षं विसरता आलेली नाही.

तुम्हाला लाईनवरून काढलं. गावातल्या टाकीवर बसवलं, चाकं उघडायची नि बंद करायची. पाना जमा करून घेतला. तीन कोस चालणारा माणूस एका खोलीत, स्टुलावर. चौकशीत तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. का नाही घेतलंत? शंभरदा विचारायचं मनात आलं. विचारलं असतं तर तुम्ही उत्तर दिलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

त्याऐवजी रोज टाकीवर चहाला येत राहिलो. वरून मी तुमच्यावर मेहरबानीच करतोय, असं मला वाटायचं. धन्य आहे माझी! आणि दर उन्हाळा सरला की मी तुमच्यासमोर फुशारकी मारायचो. "बघा मिस्त्री, बंद केला म्हणून राहिला. सांध्याला काँक्रीट घातलं, वस्तीला तंबी दिली, एकदा तरी फुटला का?" तुम्ही बशीत चहा ओतून म्हणायचात, "न्हाय साहेब. न्हाय फुटला." एवढंच. तोंडावर रेषसुद्धा हलायची नाही.

एक गोष्ट मला खटकायला हवी होती. वर्षातून दोनदा मी त्या व्हॉल्व्हवर जायचो. नट घट्ट असायचा, डोणी कोरडी असायची, पण हळद ताजी असायची. मला वाटायचं, अडाणी लोक, बंद पडलेल्या देवालासुद्धा पुजतात.

आणि जुमेरात. गुरुवारी तुमची सुट्टी. सकाळी भाकरी बांधून तुम्ही निघायचात ते दिवस मावळताना यायचात, पाय धुळीनं माखलेले. माळावरल्या दर्ग्याला जाताव म्हणायचात. मी चिडवायचो, "एवढं लांब जाऊन पिराकडं काय मागता हो मिस्त्री? या वयात?"

"पाणी मागतो, साहेब."

मी हसायचो. मला वाटायचं, म्हातारा साऱ्या गावासाठी दुवा मागतोय.

तुम्ही आठ दिवसांच्या तापानं गेलात, फाल्गुनात, शनिवारी. मी खांदा दिला. कबरीत मूठभर माती टाकली आणि घरी आलो. रडलो नाही. बायकोला म्हणालो, चांगला माणूस होता. ती म्हणाली, एवढंच? मी म्हणालो, मग काय भाषण करू?

गेल्या शुक्रवारी सांधा फुटला. तोच, काँक्रीट फोडून.

मी लालबुंद होऊन वस्तीवर गेलो. मनात वाक्यं जुळवत होतो, पोलिसात देतो, बिऱ्हाडं उठवतो. भागाबाई पालापुढं बसली होती, आता पार वाकलेली. मला बघून उठली नाही. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पुन्ना थांबवलंव न्हवं त्याला?"

"कुणाला?"

"मिस्त्रीला. सा बेस्तरवार झालं, आला न्हाय. ओढ्याचा झिरा आटला. सा बेस्तरवार वाट बघितली आमी, साहेब. लेकरं मेंढराच्या डोणीत जीभ घालाय लागली. मंग पोरांनी पहार घेतली. म्याच सांगितलं घ्या म्हनून. मला न्यायचं तर न्या."

मी विचारलं, मिस्त्री इथं कशाला यायचे?

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच येडा. "पाणी सोडाय! दर बेस्तरवारी. सकाळी यायचा, त्याचा पाना लावायचा, दिसभर हितंच बसायचा बाभळीखाली. दोन्ही डोण्या भरल्या, घागरी भरल्या की सांजच्याला बंद करून जायचा. म्हनायचा, साहेबाची जबान ऱ्हायली पायजे आन माझी बी."

मला तिला सांगावं लागलं, मिस्त्री. ही माणसं ईट गावच्या बाजाराला जातात, आपल्या गावाकडं फिरकत नाहीत, त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी म्हणालो, मिस्त्री वारले. पाच आठवडे झाले.

तिनं लुगड्याचा पदर तोंडावर घेतला आणि आतून म्हणाली, "आन आमी त्याचा पाईप फोडला व्हय."

तेव्हा मी रडलो. तुम्ही गेलात तेव्हा नाही, पाच आठवड्यांनी, माळावर, एका म्हातारीसमोर, साहेबाची टोपी घालून. तुम्ही असता तर म्हणाला असता, साहेब, जागा चांगली निवडलीत.

पाच वर्षं जी लाईन मी राखली म्हणून मिरवत होतो, ती तुम्ही राखत होतात, सुट्टीच्या दिवशी, दोन कोस पायी, अर्ध्याहून जास्त बहिरे झालेले, साठी उलटलेले. आणि मी दर उन्हाळ्यात तुमच्यापुढं फुशारकी मारत होतो. एकदा तरी हसायचंत हो माझ्यावर! एकदा तरी म्हणायचंत, गप बसा साहेब, तुम्हाला काय माहीत!

की तुमचा दर्गा, तुमचा पीर, हेच तुमचं हसणं होतं? असेल. तुम्ही मोठे बेरकी होतात.

शनिवारी सांधा जोडला. मी स्वतः शिसं ओतलं, आधी सांधा वाळवून, काडी बुडवून. मग व्हॉल्व्ह सैल करायला गेलो तर माझा सरकारी पाना नटावरून घसरला. नटाचे कोपरे झिजून गोल झालेले. भागाबाई म्हणाली, त्याचा पाना येगळा हुता, लोहाराकडून करून आनल्याला. मी हातानं, फडक्यानं, सगळं करून बघितलं. नट हलला नाही. शेवटी गावातून बैलगाडीनं दोन पिंपं पाणी पाठवलं आणि गप घरी आलो.

मग दोन दिवस बसून नवा रिपोर्ट लिहिला. यात ते गाळलेलं वाक्य आहे. व्हॉल्व्ह मी बंद केला, फिटरनं नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. सांधा फुटला तो त्यामुळं. दोष फिटरवर घातला तो मी. नंतरची पाच वर्षं सांधा राहिला तो फिटरमुळं. वस्तीला कायमचा नळ द्यावा. खाली माझी सही. काल तो साहेबांकडं धाडला. त्यांना माझं जे करायचं ते करतील. बायको म्हणाली, बढती गेली म्हणायची तुमची. म्हटलं, गेली तर गेली, ती तरी कुणाच्या खांद्यावर उभी होती.

नक्कल खिशात घालून आज तुमच्या घरी आलो. फातेहा झाला, पंगत उठली, माणसं पांगली. चाची दाराशी आल्या तेव्हा मी म्हणालो, एक कागद वाचून दाखवायचाय.

"कागद हापिसात वाचायचा, साहेब. मला काय समजतंय?"

म्हटलं, समजेल असा आहे. आणि वाचला. उंबऱ्यात उभं राहून, मोठ्यानं, जणू तुम्हीच ऐकताय असा. एक अक्षर गाळलं नाही. मधे एकदा अडखळलो, तेव्हा चाचींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी टाकीचंच होतं.

वाचून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं. "त्यांची सही घेतलीव तवा पहिला कागद असाच वाचून दावला हुता?"

"नाही."

त्या आत निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. आता हे दार आपल्याला बंद. खाली वाकून चपला शोधायला लागलो, डोळ्यांना दिसेनात.

त्या परत आल्या तेव्हा हातात हे फडकं होतं. उलगडून दाखवलं. काळा, जड, लोहाराच्या घणाच्या खुणा असलेला पाना, मूठ तुमच्या हातानं गुळगुळीत झालेली. मला वाटलं, निशाणी म्हणून देताहेत. मी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावायला निघालो.

चाची म्हणाल्या, "पूजा करू नका त्याची. उद्या जुमेरात हाय. भाकरी म्या बांधून ठेवते, सकाळी घेऊन जावा. आन सांजच्याला बंद करून या. ते कदी विसरले न्हाईत."

तेव्हा मिस्त्री, उद्या मी जातोय. चपला घालून. अर्धा आटा म्हणजे किती, ते तुम्ही एकदा दाखवलं होतंत, मी रागात होतो तरी बघितलं होतं. पाना डावीकडं सरकवायचा, हळू, आणि बोटाला पाणी लागलं की थांबायचं.